कपात सरसकट नको, आणि ग्रंथखरेदीच्या जिवावर तर मुळीच नको

प्रश्न : मी एका मध्यम आकाराच्या विद्यापीठात ग्रंथपाल आहे. पुढील वर्षी ग्रंथालयाच्या संग्रहासाठीच्या तरतुदीत एक पंचमांश कपात होणार असल्याचे वित्त विभागाने कळवले असून तीन महिन्यांत आराखडा मागितला आहे. आमची बहुतांश रक्कम ई-नियतकालिकांच्या वर्गणीत, आणि त्यातही दोन मोठ्या प्रकाशकांच्या पॅकेजमध्ये, म्हणजे अनेक नियतकालिके एकत्र देणाऱ्या गठ्ठ्यांत, जाते. वित्त अधिकाऱ्यांच्या मते प्रत्येक विभागाच्या वाट्यातून सारख्याच टक्केवारीने रक्कम कापावी, म्हणजे कुणाची तक्रार राहणार नाही. ग्रंथालय समितीतील काही सदस्य म्हणतात की वर्षभर ग्रंथखरेदी थांबवा, पण नियतकालिकांना हात लावू नका. पॅकेज सोडण्याचा विषय निघताच विज्ञान शाखेतील ज्येष्ठ प्राध्यापक संतापतात. वापराची आकडेवारी माझ्याकडे आहे, परंतु ती कशी वाचावी आणि समितीपुढे कशी ठेवावी, हे उमगत नाही. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : सुरुवात त्या दोन पॅकेजपासूनच करावी. पैसा जेथे आहे तेथेच बचत होऊ शकते, आणि ज्या विषयाला हात घालायला सगळे कचरतात तो टाळून केलेला कोणताही आराखडा वर्षभरात आपल्याच अंगावर येतो.

समितीतील सदस्यांची सूचना आधी घेऊ, कारण ती सर्वांत सोयीची आणि म्हणूनच सर्वांत घातक आहे. हिशेबासाठी असे धरू की आपली तरतूद १०० एकक आहे, त्यातील ८० वर्गण्यांत आणि २० ग्रंथखरेदीत जातात. कपातीनंतर हाती ८० उरतात. ग्रंथखरेदी पूर्ण थांबवली तर यंदाचा मेळ नीट बसतो आणि एकाही प्राध्यापकाचे नियतकालिक बंद होत नाही. पण वर्गण्यांचे दर दरवर्षी वाढतात, आणि करारात ५ टक्के वाढ मान्य केलेली असेल तर पुढच्या वर्षी त्याच वर्गण्यांना ८४ एकक लागतील, त्यानंतर ८८ हून अधिक. तरतूद मात्र ८० वरच असेल. म्हणजे आज टाळलेला प्रश्न बारा महिन्यांनी जसाच्या तसा समोर उभा राहील, फक्त तेव्हा कापायला ग्रंथखरेदी शिल्लक नसेल. ५ टक्क्यांनी वाढणारा खर्च साधारण १४ वर्षांत दुप्पट होतो, त्यामुळे ज्या ग्रंथालयाची तरतूद नुसती स्थिर आहे त्याचीही प्रत्यक्षात दरवर्षी कपातच होत असते, ही गोष्ट वित्त विभागाला स्पष्ट शब्दांत लिहून कळवावी.

ग्रंथखरेदीवर प्रथम कात्री चालते याचे कारण तिला कराराचे संरक्षण नसते, एवढेच आहे. तिची गरज कमी असते असे नव्हे. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र यांतील संशोधन आजही मोठ्या प्रमाणावर ग्रंथांतून प्रसिद्ध होते, आणि शैक्षणिक ग्रंथांच्या आवृत्त्या छोट्या असल्याने एका वर्षी न घेतलेले पुस्तक दोन-तीन वर्षांनी मिळेलच याची खात्री नसते. नियतकालिकाची वर्गणी पुन्हा सुरू केली की मधल्या वर्षांचे अंक बहुधा ऑनलाइन मिळवता येतात, परंतु ग्रंथसंग्रहात पडलेले खिंडार बुजवणे फार अवघड जाते.

तरीही ग्रंथखरेदी आहे तशीच चालू ठेवा, असे मी म्हणणार नाही. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा जो अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तके पहिल्या सहा वर्षांत एकदाही देवघेवीत गेली नव्हती, असे आढळले. त्या निष्कर्षांवर तेव्हा बराच वाद झाला, आणि देवघेवीची नोंद म्हणजे वापर नव्हे हा आक्षेप रास्तही होता. पण पुढे कधीतरी लागेल म्हणून आधीच घेऊन ठेवण्याच्या पद्धतीला मोठी किंमत असते, हे त्यातून दिसले. आता त्याला पर्याय आहेत. वाचकाच्या मागणीनुसार ई-पुस्तक खरेदी करण्याच्या पद्धतीत हजारो शीर्षकांच्या नोंदी सूचीत घातल्या जातात आणि वाचकाने एखादे पुस्तक ठरलेल्या मर्यादेपलीकडे वापरले तरच पैसे द्यावे लागतात. हिचा धोका असा की सत्राच्या मध्यावर अनामत रक्कम संपते आणि सूचीतील नोंदी घाईने काढाव्या लागतात. म्हणून किमतीची कमाल मर्यादा आणि महिन्याचा खर्च आधीच ठरवून घ्यावा. वापराच्या पुराव्यावर आधारलेल्या खरेदीत रक्कम आगाऊ दिली जाते, वर्षभर प्रकाशकाचा मोठा संग्रह खुला राहतो आणि अखेरीस तेवढ्या रकमेची पुस्तके वापर पाहून कायमची घेता येतात. खर्च आधीच ठाऊक असल्यामुळे कपातीच्या वर्षी मला ही दुसरी पद्धत अधिक भरवशाची वाटते. मात्र अशा योजनांत जे प्रकाशक नाहीत, विशेषतः प्रादेशिक भाषांतील आणि लहान प्रकाशनसंस्था, त्यांच्यासाठी छोटी का होईना, स्वतंत्र रक्कम राखून ठेवावी.

सारख्या टक्केवारीच्या कपातीबद्दल थोडक्यात. ती न्याय्य दिसते, पण ती लागू करताच येत नाही. पॅकेज कोणत्याही एका विभागाचे नसते आणि करार चालू असताना त्यातून २० टक्के तोडून काढता येत नाहीत. त्यामुळे 'सरसकट' या नावाखाली प्रत्यक्षात कात्री लागते ती सुट्या वर्गण्यांना, म्हणजे बहुधा विद्वत्संस्थांच्या, तुलनेने स्वस्त आणि चांगल्या वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकांना. ज्यांचा खर्च वाढलेला नाही त्यांनीच दंड भरायचा, असा हा न्याय झाला. वित्त अधिकाऱ्यांना हे उदाहरणासह दाखवा. आकडे समजणाऱ्या माणसाला हे पटवणे कठीण जात नाही.

आता आकडेवारीकडे वळू. प्रकाशक 'काउंटर' या वापर मोजण्याच्या मानकानुसार जे अहवाल देतात, त्यांची पाचवी आवृत्ती २०१९ पासून लागू झाली आणि ५.१ ही सुधारित आवृत्ती जानेवारी २०२५ पासून आली. आपल्याकडे बहुधा नियतकालिकनिहाय विनंत्यांचा 'टीआर-जे१' हा अहवाल असेल. तो आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. त्याच्या जोडीला लेखाच्या प्रकाशनवर्षानुसार वापर दाखवणारा 'टीआर-जे४' आणि वाचकाला प्रवेश नाकारला गेल्याच्या नोंदी देणारा 'टीआर-जे२' हेही मागवून घ्यावेत.

एका नियतकालिकाचे उदाहरण घेऊन पाहा. समजा, त्याच्या नावापुढे वर्षभरात १,००० विनंत्या दिसतात आणि विभागप्रमुख हा आकडा अभिमानाने सांगतात. एखाद्याने लेख आधी पडद्यावर उघडला आणि मग त्याची पीडीएफ उतरवून घेतली, तर एकूण विनंत्यांत तो दोनदा मोजला जातो. म्हणून 'युनिक' विनंत्यांचा स्तंभ पाहावा. तेथे आकडा ६५० निघाला असे धरू. प्रकाशनवर्षानुसार पाहिल्यावर लक्षात येते की त्यांतील ३०० विनंत्या जुन्या वर्षांतील लेखांसाठी होत्या आणि त्या वर्षांवर करारानुसार आपला कायमचा हक्क आहे. वर्गणी बंद केली तरी ते लेख आपलेच राहणार. उरलेल्या ३५० पैकी १२० लेखांची प्रत कोणत्या ना कोणत्या विद्यापीठीय भांडारात किंवा प्रकाशकाच्याच संकेतस्थळावर मोफत उपलब्ध आहे. लेखांच्या मोफत प्रती शोधून देणाऱ्या अनपेवॉल या साधनाच्या साहाय्याने हे तपासता येते. आणखी ८० लेख आपण स्वतंत्रपणे घेत असलेल्या एखाद्या पूर्णपाठ डेटाबेसमध्ये आहेत, फक्त ते वर्षभर उशिराने येतात. म्हणजे चालू वर्गणीवाचून खरोखर अडेल असा वापर १,००० नव्हे, तर १५० विनंत्यांचा आहे. वर्गणीच्या रकमेला भागायचे ते या १५० ने, आणि जो भागाकार येईल तो आंतरग्रंथालयीन देवघेवीतून एक लेख मागवण्याच्या खर्चाशी ताडून पाहायचा. मागवलेल्या लेखाच्या खर्चात कर्मचाऱ्यांचा वेळही धरावा, नाहीतर तुलना खोटी ठरते.

पॅकेजमधील प्रत्येक नियतकालिकासाठी असा निव्वळ वापर काढला की नावे उतरत्या क्रमाने लावावीत. संदर्भांचा मोठा हिस्सा थोड्याच नियतकालिकांतून येतो, हे ब्रिटिश ग्रंथपाल ब्रॅडफर्ड यांनी १९३४ मध्येच दाखवून दिले होते, आणि आपल्या यादीतही बहुधा तसेच दिसेल. मग वरून एकेक नाव घेऊन त्याच्या सुट्या वर्गणीची बेरीज करत जावे आणि पॅकेजच्या निम्म्या किमतीत किती नावे बसतात व ती निव्वळ वापराचा किती टक्के भाग उचलतात, हे पाहावे. हाच आपल्या आराखड्याचा कणा. हे काम स्प्रेडशीटवर होते, पण वेळखाऊ आहे. अवररिसर्च या ना-नफा संस्थेचे 'अनसब' हे सशुल्क साधन असाच हिशेब मांडून देते. दोन पॅकेजसाठी तीन महिने हाती असतील आणि मनुष्यबळ तुटपुंजे असेल, तर त्यावरचा खर्च मी वाया गेलेला मानणार नाही. कधीकधी हिशेबाअंती पॅकेजच स्वस्त ठरते, हेही ध्यानात असू द्यावे. तसे झाले तर ते ठेवावे आणि दुसऱ्या पॅकेजकडे वळावे.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. दर वापरामागील खर्चाची तुलना एकाच विद्याशाखेच्या आत करावी. गणितातील लेख एकदा उतरवून महिनोन्महिने वाचला जातो, तर वैद्यकातील लेख दिवसाला दहा जण चाळतात, आणि दोहोंची नोंद मात्र एकाच एककात होते. सगळ्या शाखा एका यादीत ओतून तळाची नावे कापली, तर लहान विभागांचा बळी जाईल आणि तोही आकड्यांच्या आधाराने, म्हणजे दाद मागण्याची सोय न ठेवता. ज्या नियतकालिकावर एखाद्या अभ्यासक्रमाची अधिमान्यता अवलंबून आहे, किंवा जे एकाच संशोधक-गटाच्या रोजच्या कामाचे आहे, त्यापुढे स्वतंत्र शेरा लिहून ठेवावा.

पॅकेज सोडले तर संशोधन ठप्प होईल, ही भीती प्रामाणिक असली तरी तिची परीक्षा जगात अनेक ठिकाणी होऊन गेली आहे. स्वीडनमधील संस्थांनी २०१८ च्या मध्यापासून एल्सेव्हियर या प्रकाशकाशी असलेला करार संपवला आणि २०१९ च्या अखेरीस नवा करार केला. कॅलिफोर्निया विद्यापीठाला त्याच प्रकाशकाच्या नव्या लेखांचा प्रवेश जुलै २०१९ मध्ये बंद झाला आणि मार्च २०२१ मध्ये नव्या अटींवर करार झाला. या दोहोंचा मुख्य आग्रह मुक्त प्रवेशाचा, म्हणजे लेख सर्वांना मोफत वाचता यावेत याचा, होता, त्यामुळे आपली परिस्थिती तंतोतंत तशी नाही. आपल्या अधिक जवळचे उदाहरण न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाचे आहे. त्याने २०२० मध्ये दोन हजारांहून अधिक नावांचे पॅकेज सोडून केवळ २४८ नियतकालिके ठेवली. अशा ठिकाणी गैरसोय झाली, नाराजीही झाली, पण काम थांबले नाही. याचे एक कारण मुक्त प्रतींचा प्रसार हे आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार एकूण विद्वत्साहित्यापैकी किमान २८ टक्के मोफत उपलब्ध होते, परंतु अनपेवॉल वापरणारे वाचक प्रत्यक्षात जे लेख शोधत होते त्यांत हे प्रमाण ४७ टक्के होते, कारण वाचक नवे लेख अधिक शोधतात आणि नव्यांत मोफत लेख अधिक असतात. आपल्या विद्यापीठाचा हिशेब याहून वेगळा निघेल, म्हणून हे आकडे समितीपुढे दिलासा म्हणून मांडू नयेत. आपले स्वतःचे आकडे मांडावेत.

सोडण्यापूर्वी करार शब्दशः वाचावा. बहुवर्षीय करारांत नूतनीकरण नको असल्याची सूचना ठराविक मुदतीआधी द्यावी लागते आणि ती तारीख आपल्या आर्थिक वर्षाशी जुळतेच असे नाही. मुदत हुकली तर सारा हिशेब एका वर्षासाठी निरुपयोगी ठरतो. तरतूद घटल्यास मुदतीपूर्वी बाहेर पडता येईल, असे कलम असेल तर ते आज सोन्याच्या मोलाचे आहे. नसेल तर पुढील प्रत्येक करारात ते घालून घ्यावे. कायमच्या हक्काची वर्षे कोणती, ते लेख करार संपल्यावर कोठून मिळणार, त्यासाठी वार्षिक शुल्क आहे का, आणि संबंधित नियतकालिके पोर्टिको किंवा लॉक्ससारख्या जतनव्यवस्थेत आहेत का, याची लेखी उत्तरे प्रकाशकाकडून मिळवावीत. आपल्या लेखकांचे प्रकाशनशुल्क त्याच करारात अंतर्भूत असेल, तर पॅकेज सोडल्यावर तो खर्च दुसऱ्या एखाद्या लेखाशीर्षाखाली उगवेल, म्हणून संशोधन विभागाकडून वर्षभरातील लेखांची संख्या आधीच मागवावी.

वाटाघाटीला बसताना प्रकाशकाच्या प्रतिनिधीला सवलत मागू नये, आपल्याकडे असलेली रक्कम सांगावी. "आमच्याकडे इतकेच आहेत, यात काय देता ते कळवा" हे वाक्य विनवणीपेक्षा अधिक काम करते. पण समितीने तो निर्णय खरोखर घेतलेला असेल आणि सुट्या नावांची यादी तयार असेल तरच. अनेक पॅकेजची किंमत मुळात छापील अंकांच्या काळातील वर्गण्यांवरून ठरलेली आहे आणि त्यावर वर्षानुवर्षे वाढ चढत गेली आहे, तेव्हा ती आजच्या वापराशी जुळत नाही हा मुद्दा ठामपणे मांडावा. आपण कन्सोर्टियममधून, म्हणजे एकत्रित खरेदी करणाऱ्या ग्रंथालयांच्या गटातून, घेत असाल तर आधी तेथे बोलावे. २००९ च्या मंदीत आणि पुन्हा २०२० मध्ये ग्रंथालय-कन्सोर्टियमच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रकाशकांना दर न वाढवण्याचे आणि कराराच्या अटी शिथिल करण्याचे जाहीर आवाहन केले होते. अशी मागणी एकट्याने करण्यापेक्षा गटाने केली की तिचे वजन वाढते. दर गुप्त ठेवण्याची अट मात्र नव्या करारात मान्य करू नये, कारण शेजारचे ग्रंथालय काय देते हे कळल्याशिवाय आपण काय द्यावे हे ठरवता येत नाही.

संतापणाऱ्या प्राध्यापकांबद्दल माझे मत आपल्याला थोडे कठोर वाटेल. "हे नियतकालिक आपल्याला हवे आहे का?" असा प्रश्न त्यांना विचारूच नये. त्याचे उत्तर नेहमी 'हो' असेच येते, आणि ते द्यायला काहीच खर्च होत नाही. त्याऐवजी विभागाला त्याच्या नियतकालिकांची यादी निव्वळ वापर आणि किमतीसह द्यावी व क्रम लावायला सांगावे : कोणत्या नावाचा लेख तातडीने लागतो, कोणत्या नावासाठी दोन दिवस थांबता येईल, आणि कोणते नाव गेल्याचे सहा महिन्यांत लक्षातही येणार नाही. क्रम लावणाऱ्याला निवड करावी लागते आणि निवड करताना राग आपोआप निवतो. मुदतीत क्रम न देणाऱ्या विभागाच्या बाबतीत वापराचा आकडा ग्राह्य धरला जाईल, हेही त्याच पत्रात नमूद करावे. याद्या सर्व विभागांना एकमेकांच्या पाहता येतील अशा ठेवाव्यात, कारण बंद दाराआड घेतलेल्या निर्णयावर वशिल्याचा संशय येतोच. अंतिम निर्णय ग्रंथालय समितीच्या ठरावाने व्हावा. आपण पुरावा मांडावा, शिफारस करावी, पण ती आपली वैयक्तिक मोहीम होऊ देऊ नये.

पॅकेजचा हिशेब चालू असताना किरकोळ बचती उरकून घ्याव्यात. छापील आणि ऑनलाइन अशा दोन्ही रूपांत येणारी नियतकालिके, वर्षानुवर्षे कोणी तपासल्या नाहीत अशा मालिकांच्या कायम मागण्या, आणि एकमेकांशी बराचसा मजकूर सामायिक असलेले पूर्णपाठ डेटाबेस येथे वादाविना काही रक्कम निघते. केवळ सूची आणि सारांश देणारा डेटाबेस मात्र लेखांच्या विनंत्यांवरून तोलू नये, कारण तेथे वाचायला लेखच नसतात. त्याचा उपयोग शोधांच्या संख्येवरून पाहावा. पुस्तके निर्लेखित केल्याने जागा मिळते, पैसा मिळत नाही, त्यामुळे ते काम या आराखड्यात घुसडू नये.

वित्त विभागाला एकच आराखडा देऊ नये. पूर्ण कपात, अर्धी कपात आणि स्थिर तरतूद अशा तीन स्थितींत कोणती नावे जातील आणि कोणता विभाग किती झळ सोसेल, हे शेजारीशेजारी मांडावे. त्यातून कपातीचा परिणाम ठरवणाऱ्यांच्याच डोळ्यांसमोर येतो आणि थोडी रक्कम परत मिळण्याची शक्यता वाढते. आवर्ती आणि अनावर्ती रक्कम वेगळी दाखवण्याचा आग्रह धरावा. वर्षाच्या अखेरीस कोठून तरी शिल्लक निधी मिळाला, तर त्यातून नवी वर्गणी सुरू करू नये. जुन्या अंकांचे संग्रह कायमस्वरूपी हक्काने घ्यावेत किंवा वर म्हटलेली पुस्तकांची राहिलेली खरेदी पूर्ण करावी.

नियतकालिके बंद झाल्यावर पहिल्या वर्षी प्रवेश नाकारल्याच्या नोंदी आणि आंतरग्रंथालयीन मागण्या दर तिमाहीला नावनिहाय पाहाव्यात. एखाद्या नावासाठी मागवलेल्या लेखांचा खर्च त्याच्या वर्गणीच्या जवळ पोहोचला तर ते परत घ्यावे, आणि त्यासाठी एकूण तरतुदीतील लहानसा भाग आजच बाजूला काढून ठेवावा. तूर्त पहिले काम म्हणून दोन्ही करार बाहेर काढून सूचना देण्याची अंतिम तारीख शोधावी. ती तीन महिन्यांच्या आत येत असेल, तर समितीची बैठक त्याआधी बोलवावी लागेल.